फरशीवाल्याच्या घरातलं लाकूड

गिरिजा लग्न होऊन दुबईच्या पलीकडच्या रास अल खैमाला आली ती नव्वद साली. चंद्रहास उपळेकरांचा पगार, पत्रिका, चष्म्याचा नंबर, सगळं तिच्या माहेरच्यांनी सोलापुरात बसून तपासून घेतलं होतं. या माणसाला टाइल्सचं वेड आहे, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं आणि म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं.

चंद्रहास एका सिरॅमिकच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघत असे. टवका उडालेल्या, रंग सांडलेल्या, एखाद्या फुलाला पाचऐवजी चारच पाकळ्या आलेल्या टाइल्स कारखाना बाहेर फेकायचा आणि चंद्रहास त्या गाडीत घालून घरी आणायचा. टाकवत नाहीत, म्हणायचा. घर जुनं, बैठं, पुढे छोटंसं अंगण असलेलं. घरमालक अजीज, ज्याला सगळे अरबाब, म्हणजे मालक, म्हणत, त्याला भिंतीवर काय लागतं याची फिकीर नव्हती. त्यामुळे हळूहळू एकेक खोली टाइल्सखाली जात गेली. आधी स्वयंपाकघर, मग हॉल, मग झोपायची खोली. भाजीला फोडणी दिली की आवाज तीन खोल्यांत घुमायचा. मुलगी ईश्वरी झाली तेव्हा तिचं रडणं असं चौफेर फिरायचं, की पोर नेमकी कुठल्या खोलीत आहे हे बघून यावं लागे.

शेवटी उरली होती ती पुढच्या दाराची खोली. तिथल्या जुन्या घरांना असते तशी ती होती. रस्त्यावरचा माणूस एकदम घरात डोकावू नये म्हणून बाहेरचं दार आणि हॉलचं दार यांच्यामध्ये ठेवलेली, चार माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढी. अठ्ठ्याण्णव साली चंद्रहासनं तिथे गुलाबी फुलांच्या टाइल्स कमरेपर्यंत लावल्या, आणि त्याच हिवाळ्यात मिरजेहून चारुदत्तकाका आले.

काका म्हणजे चंद्रहासचे चुलते, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, स्वच्छतेचे भोक्ते. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्यांनी आंघोळीचा विषय तीनदा काढला होता. चंद्रहासनं बाहेरचं दार उघडून त्यांना आत घातलं आणि बॅगा आणायला तो गाडीकडे गेला. काकांनी चारी बाजूंना गुलाबी फुलं पाहिली, खुंटीला अडकवलेला पंचा पाहिला, आणि पुतण्याची तत्परता पाहून त्यांना भरून आलं. त्यांनी बाहेरच्या दाराला आतून कडी घातली. चंद्रहास बॅगा घेऊन दार वाजवू लागला तेव्हा आतून उत्तर आलं, की जरा दम धर.

गिरिजानं हॉलचं दार उघडलं. समोर काका पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, शर्ट खुंटीला, आणि चेहऱ्यावर थोडीशी तक्रार.

"सूनबाई, मोरी झकास आहे. पण नळ कुठं लपवलाय?"

गिरिजानं पदर तोंडाला लावून त्यांना खरी मोरी दाखवली, बाहेरची कडी काढली, नवऱ्याला आत घेतलं आणि चहा टाकला. काका महिन्यानं परत गेले, त्यांना विमानतळावर सोडून दोघं घरी आली, आणि त्या गुलाबी खोलीत चप्पल काढता काढता तिनं सांगून टाकलं, की इथे लाकूड लागणार.

चंद्रहासला वाटलं तिला फर्निचर म्हणायचंय. मग त्याला कळलं, की तिला भिंतीच म्हणायचंय. तिनं त्याला सोलापूरच्या एका डॉक्टरांचा दवाखाना सांगितला. लहानपणी तिचा कान फुटायचा, तेव्हा वडील तिला तिथे नेत. दारातून आत गेलं की पहिल्यांदा एक छोटी खोली लागे. भिंतीला खांद्यापर्यंत तपकिरी लाकूड, एक लांब बाक, ओळीनं खुंट्या, आणि भर मे महिन्यात तिथे गार वाटायचं. कान दुखायचा थांबत नसे, पण रडू थांबायचं. घराच्या दारात तसं काहीतरी हवं, जुन्या वळणाचं, माणसानं आत येऊन आधी श्वास घ्यावा असं.

"माझ्या घरात लाकूड?" चंद्रहास म्हणाला. शाकाहारी माणसाला आपल्याच ताटात माशाचा काटा सापडावा तसा त्याचा चेहरा झाला होता. कारखान्यात कळलं तर लोक काय म्हणतील, वाळवी लागेल, घर भाड्याचं आहे, असं एकेक त्यानं काढून पाहिलं. शेवटी अरबाबला विचारू म्हणाला, कारण अरबाब नाही म्हणेल याची त्याला खात्री होती. अरबाबनं दाढीवरून हात फिरवला आणि "इन्शाल्ला" म्हणून तो निघून गेला. चंद्रहासच्या मते याचा अर्थ नाही असा होता. गिरिजानं त्याचा अर्थ हो असा घेतला आणि त्याच शुक्रवारी नवऱ्याला गाडी काढायला लावून शारजाच्या रोल्ला भागातली फर्निचरची दुकानं पालथी घातली.

पारंपरिक म्हटलं की प्रत्येक दुकानदार सोनेरी काहीतरी दाखवी. सोनेरी पायांचं टेबल, सोनेरी चौकटीचा आरसा, एकानं तर दोन सोनेरी सिंह दाखवले आणि मॅडम, पूरा ट्रॅडिशनल है म्हणून शपथ घेतली. किंमत ऐकून चंद्रहासनं ती मोठ्यानं रुपयांत सांगितली आणि त्याला फार दिवसांनी बरं वाटलं.

घरी येऊन गिरिजानं ईश्वरीचे खडू घेतले आणि अंगणातल्या सिमेंटवर ती खोली खऱ्या मापानं आखली. मग तिनं तिघांना एकेक करून त्या खडूच्या दारातून यायला लावलं. चंद्रहास ब्रीफकेस घेऊन आला, ईश्वरी दप्तर घेऊन, आणि ती स्वतः दोन्ही हातांत भाजी घेऊन. हात आपोआप जिथे टेकायला जाई तिथे तिनं खुंटीची खूण केली, बूट काढायला माणूस जिथे वाके तिथे बाकाची. बाकावर बसलं की पाठ कुठवर टेकते ते पाहून लाकडाची उंची ठरवली. वर पांढरा चुना. चंद्रहासला चौथ्यांदा आत यायला सांगितलं तेव्हा शेजारची साजिदा भिंतीवरून बघत होती. साहेबांची तब्येत बरी आहे ना, असं तिनं दुसऱ्या दिवशी हळूच विचारून घेतलं.

सुतार अरबाबनंच पाठवला. नूरुद्दीन, कच्छकडचा, गेली पंचवीस वर्षं खाडीवर लाकडी गलबतं बांधणारा आणि दुरुस्त करणारा. घरातलं काम त्यानं कधी केलेलं नव्हतं आणि ते त्याला हलकं वाटत होतं. खडूचं चित्र त्यानं चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि विचारलं, की याचं नाळेचं, म्हणजे गलबताच्या पुढचं, टोक कोणतं. गिरिजानं त्याला समजावलं, की ही खोली आहे, ही कुठे जाणार नाही. तो म्हणाला ठीक आहे, फिर भी पाणी आत येणार नाही असं करतो. गलबतातून उरलेला जुना साग त्याच्याकडे होता आणि तो घेऊन तो कामाला लागला.

चंद्रहासनं एकच अट घातली. भिंतीवरच्या टाइल्स काढायच्या नाहीत, लाकूड त्यांच्यावरून लावायचं, उद्या पश्चात्ताप झाला तर खाली माल शाबूत पाहिजे. पण फळ्या ठोकायच्या तर टाइल्सना भोकं पाडणं आलं, आणि नूरुद्दीनच्या हातातलं भोकं पाडायचं यंत्र बघून चंद्रहास पुढे झाला. त्यानं ते स्वतःकडे घेतलं. दोन सुट्ट्या तो गुलाबी फुलांवर चिकटपट्टी लावून, श्वास रोखून, एकेक भोक पाडत बसला. एकही टाइल तडकली नाही. ज्या कामाला त्याचा विरोध होता त्यातलं सगळ्यात अवघड काम त्यानंच केलं, हे गिरिजाच्या लक्षात आलं होतं. तिनं त्याला फक्त सरबत नेऊन दिलं.

भांडण झालं ते कोपऱ्यावरून. दोन भिंती जिथे मिळतात तिथे नूरुद्दीननं काटकोन न करता फळ्या वाफेवर वाकवून गोल फिरवल्या. गिरिजा म्हणाली, भिंतीला कोपरा आहे, लाकडालाही पाहिजे.

"बाई," नूरुद्दीन शांतपणे म्हणाला, "समुंदर में कोना नहीं होता."

ही खोली समुद्रात नाही, असं तिनं परोपरीनं सांगितलं. त्यानं काटकोन करून पाहिला, तो तीनदा चुकला, बोटभर फट राहिली आणि शेवटी गोल कोपराच कायम झाला. खलास म्हणून त्यानं हात झटकले आणि तो गेला. जाताना, खूश होऊन, कुणी सांगितलं नसताना, त्यानं आपल्या धंद्यातली शेवटची सेवाही करून ठेवली. सगळ्या लाकडाला गलबताला लावतात ते माशाचं तेल दोन हात लावलं.

चंद्रहास संध्याकाळी घरी आला तेव्हा दारात मांजरं बसली होती. एक दोन नव्हेत, खाडीपर्यंतच्या सगळ्या गल्ल्यांतली. आत गिरिजा नाकाला पदर लावून उभी. ईश्वरी दप्तर टाकून म्हणाली, "आई, इट स्मेल्स लाइक अ बोट." तिघांच्या सात पिढ्यांत कुणी मासा खाल्लेला नव्हता आणि आता त्यांचं दारच मासा झालं होतं. चंद्रहासला हसू येत होतं, पण त्यानं ते मोठ्या कष्टानं आवरलं आणि एवढंच म्हणाला, की टाइलला वास लागत नाही.

पुढचे पंधरा दिवस गिरिजानं लाकूड धुतलं, घासलं, उन्हात दारं सताड उघडी ठेवली. लिंबू झालं, कॉफीची पूड झाली, साजिदानं बखुर, म्हणजे तिकडचा सुगंधी धूप, आणून दिला. त्यामुळे सुगंधी माशाचा वास येऊ लागला. शेवटी नूरुद्दीनला परत बोलावलं. सागवानाला असा शौक सोसत नाही, असं पुटपुटत त्यानं पॉलिश पेपरनं सगळं खरवडून अळशीचं तेल लावून दिलं. हळूहळू वास गेला. मांजरं मात्र उन्हाळा लागेपर्यंत आशेवर होती.

याच सुमारास कारखान्याच्या जीएमनं, एका लेबननी गृहस्थानं, जेवायला येतो म्हणून सांगितलं. चंद्रहासची झोप उडाली. क्वालिटी मॅनेजरच्या दारात लाकूड बघून साहेब काय म्हणतील? बराच विचार करून त्यानं पाहुण्याला मागच्या बाजूनं आणलं. साहेब उंची सूट घालून गॅसच्या सिलिंडरला वळसा घालून, वाळत घातलेल्या साडीखालून वाकून, स्वयंपाकघरातून आत आले. तिथे त्यांनी बूट काढले. ही इंडियन पद्धत असेल असं समजून त्यांनी आनंदही दाखवला.

जेवण छान झालं. जायच्या वेळी साहेब सरळ समोर दिसलेल्या दाराकडे गेले आणि चंद्रहास आडवा जाण्याआधी त्यांनी ते उघडलं. ते लाकडाच्या खोलीत उभे राहिले. त्यांनी गोल कोपऱ्यावरून हात फिरवला. बूट शोधले, ते तिथे नव्हते, म्हणून ते बाकावर बसले. बूट आणून दिले तरी ते बसलेच होते. आपल्या आजोबांच्या गावातलं काहीतरी ते गिरिजाला सांगत राहिले, तिला अर्धं इंग्रजी कळत होतं आणि उरलेलं त्यांच्या हातवाऱ्यांवरून समजत होतं. चहा तिथेच झाला. तासाभरानं उठताना ते चंद्रहासच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की हबीबी, तुझ्या घरात एवढ्या एका जागी मला आपल्या शोरूममध्ये असल्यासारखं वाटलं नाही.

हे कौतुक चंद्रहासला पचायला आठवडा लागला.

मग लोक येऊ लागले, आणि येऊन दारातच थांबू लागले. साजिदा भाजी निवडायची ती बाकावर. अरबाब भाडं न्यायला यायचा, बसायचा, झोपायचा आणि भाडं न घेताच जायचा. साजिदानं तसलीच खोली मागितली, मग दुबईकडच्या जबल अलीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबानं. गिरिजा खडू घेऊन जायची आणि त्या घरातल्या लोकांना पुन्हा पुन्हा आत यायला लावायची. नूरुद्दीन बरोबर असायचा. तेल नाही, ही अट ती सुरुवातीलाच घालायची.

दोन हजार एक साली जर्मनीला पाठवलेला एक अख्खा कंटेनर परत आला. टाइल्सच्या कडा वाकड्या होत्या, आणि पास म्हणून सही चंद्रहासची होती. त्या संध्याकाळी गिरिजाला गाडीचा आवाज आला, बाहेरचं दार वाजलं, पण हॉलचं दार उघडलं नाही. थोडा वेळ वाट बघून तिनंच ते उघडलं. चंद्रहास बाकावर बसला होता. एक बूट काढलेला, एक तसाच. गोल कोपऱ्यात पाठ रुतवून तो वरच्या चुन्याकडे बघत होता. ती शेजारी बसली. काय झालं ते त्यानं सांगितलं, फारसं लांबण न लावता. नोकरी जाईल का, तिनं विचारलं. जाणार नाही बहुतेक, तो म्हणाला.

"आत ये. जेवून घे."

"येतो," तो म्हणाला. "इथे बसलं की लगेच आत जावं लागत नाही, हे बरं आहे."

तिनं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली आणि दोघं तशीच बसून राहिली. ईश्वरीनं आतून "आय ॲम हंग्री" असं ओरडून सांगितलं तेव्हा उठली.

नोकरी गेली नाही. पुढे चंद्रहासच्या डोक्यातून अशी कल्पना निघाली, की लाकडासारखी दिसणारी टाइल काढावी. त्यानं दाराच्या खोलीचे फोटो काढले, सागाच्या रेषा छापून घेतल्या, आणि कारखान्यानं काही पेट्या केल्याही. पहिली पेटी तो मोठ्या अभिमानानं घरी घेऊन आला. लांबून हुबेहूब लाकूड. गिरिजानं एक टाइल हातात घेतली, उलटसुलट केली, बोटानं वाजवून पाहिली, छान झालीय म्हणाली, आणि गरम पातेलं ठेवायला स्वयंपाकघरात नेली.

दोन हजार तीन साली कंपनीनं त्याला शारजाच्या ऑफिसात आणलं. नवीन फ्लॅट सातव्या मजल्यावर, दार उघडलं की थेट हॉल, हॉलमध्ये थेट सोफा. अरबाबनं जुन्या घरातलं लाकूड हलवू दिलं नाही, तो स्वतःच तिथे दुपारी झोपायला येऊ लागला होता. सामान लावून झालं त्या दिवशी गिरिजा बाहेर लिफ्टसमोर जाऊन उभी राहिली. लिफ्ट आणि त्यांचं दार यांच्यामध्ये बरी जागा होती. तिनं पर्समधून खडू काढला.

"गिरिजा, ती बिल्डिंगची जागा आहे," चंद्रहास दारातून म्हणाला.

"माहीत आहे. तू जरा लिफ्टमधून बाहेर ये बघू."

तो नेहमीप्रमाणे कुरकुरला, आत गेला, ब्रीफकेस घेऊन आला आणि लिफ्टचं बटण दाबून उभा राहिला.