रायीबाहेरचे उंदीरसाहेब

धरलेला उंदीर परत सोडून देणारा माणूस तोरण्याच्या पायथ्याला आजवर एकच होऊन गेला, आणि तो माझ्या ओसरीवर राहून गेला. हे मी कुणाचं ऐकून लिहीत नाही. माझी शाळा दुसरीपर्यंतची, पण डोळे शाबूत आहेत. त्या काळी वेल्ह्याला एसटी यायची ती मनात आलं तर, आणि तिच्या टपावरून हे गृहस्थ पिंजऱ्यांची चळत अशी जपून उतरवून घेत, की आत नवरीचे दागिने असावेत. पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतले होते. दिवाळी झाली की येत, पावसाच्या तोंडावर परत जात. गावानं पहिल्याच आठवड्यात त्यांना उंदीरसाहेब केलं. खरं नाव मी विचारलं नाही. ज्याला सगळे ओळखतात त्याला नाव विचारणं बरं दिसत नाही.

पिंजऱ्यात लावायचा शेंगदाणा ते आधी स्वतः खाऊन बघत. खवट निघाला तर सगळा फेकून देत. "पाहुण्याला खवट वाढू नये, गुरव," म्हणत. (मी देवीचा गुरव, म्हणून मला गुरवच म्हणत.) सकाळी बांधावरचे, कारवीच्या झुडपांतले पिंजरे गोळा करायचे, उंदराला कापडाच्या पिशवीत घेऊन त्याच्या कानामागून बारीक फणी फिरवायची, गोचिडी निघतील त्या बाटलीत टाकायच्या, ओळखीसाठी उंदराच्या कानाला बारीकशी खाच पाडायची आणि जिथं धरला तिथंच त्याला नेऊन सोडायचं. माझ्या धाकट्या भावाला हे बघवत नसे. तो गुराखी, आणि तोंडानं फाटका. "आवं सायेब, हातात घावलाय तर हाणा की टाळकं! माजं भात खाऊन माजलाय त्यो!"

साहेब शांतपणे सांगत, "अहो, उंदीर म्हणजे धर्मशाळा. गोचीड हा वाटसरू आणि ताप त्याच्या गाठोड्यात. धर्मशाळा पाडली म्हणून वाटसरू मरत नाही, तो तुमच्या ओसरीवर पथारी टाकतो."

"वसरी दादाची हाय," भाऊ म्हणाला. "मला काय!"

दुपारी पांढऱ्या कापडाचा मोठा तुकडा दोरीला बांधून ते गवतातून फरफटत चालायचे आणि थोड्या थोड्या अंतरावर उलटा करून गोचिडी चिकटल्यात का ते बघायचे. आमच्या घरात शिरण्याआधी दारात चादर पसरून तिच्यावर उभं राहायचे आणि कपडे झटकायचे. पुढं पुढं मलाही झटकायला लावलं. माझ्या घरात मी कसं शिरावं हे मला कुणी सांगितलेलं नाही, वडिलांनीसुद्धा नाही, पण झटकायचो. माझ्या थोरलीच्या लग्नात तर कमाल झाली. मंगलाष्टका चालू असताना साहेब अंतरपाटाकडे न बघता व्याह्यांच्या कानाकडे बघत होते. एकाएकी उठले, "हलू नका" म्हणाले, खिशातून चिमटा काढला, कानामागची गोचीड ओढून बाटलीत टाकली आणि "सुरेख!" म्हणून जागेवर येऊन बसले. व्याही ओरडले, "आवं, कानपिळी नवरदेवाची असती! माजी न्हवं!" अक्षता राहिल्या बाजूला, मांडव हसत सुटला.

मग एका उन्हाळ्यात भाऊ तापानं आडवा पडला. डोळे लालभडक, अंग फुटायला लागलेलं, पाण्याचा घोट जाईना. दुपारी तो गुरं घेऊन देवीच्या रायीत, तिच्या नावानं राखलेल्या दाट झाडीत बसायचा. सगळ्या गावाची गुरं तिथंच बसत. साहेबांनी कुठून तरी जीप मिळवली, त्याला तिच्यात घालून भोरच्या दवाखान्यात पोचवलं आणि परत येऊन मला म्हणाले, "रायीत पिंजरे लावायला पाहिजेत." मी म्हणालो, "हितलं वाळकं पान बी आईला इचारल्याबिगर कुणी उचलत न्हाई. कौल लावावा लागंल."

कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना तांदळाचे ओले दाणे चिकटवायचे. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. शिकलेला माणूस हसेल असं मला वाटलं होतं. हे तर आंघोळ करून ओलेत्यानं येऊन उभे राहिले. "प्रश्न नीट विचारा, गुरव. आमच्याकडंही प्रश्न चुकला की उत्तर चुकतं." मी नीटच विचारला. डावा पडला. "बरं," म्हणाले, आणि पिंजरे रायीच्या कडेला, पण बाहेर लावले. आत गेले असते तर बघायला कोण होतं? गेले नाहीत.

त्यांचे वरचे साहेब जीपमधून आले आणि तापले. "तांदळाच्या दाण्यासाठी काम अडवलंत?"

"विचारलं मीच होतं," हे म्हणाले. "ऐकायचं नव्हतं तर विचारावं कशाला?"

त्यावर त्यांना मुक्काम हलवायचा हुकूम झाला.

भाऊ वाचला. काठी टेकत घरी आला आणि आल्या आल्या म्हणाला, "दोन रोजात रायीत जातो. तिथल्या सावलीवानी सावली न्हाई." साहेबांनी समजावलं, त्यानं ऐकलं नाही, गावानंही नाही. तेव्हा जायच्या आदल्या दिवशी साहेब पुन्हा ओलेत्यानं आले. "गुरव, आज प्रश्न मी सांगतो. दुपारी गुरं-माणसं तुझ्या सावलीत नकोत, असं तुला वाटतं का, एवढंच विचारा." सगळं गाव जमलेलं. दाणे हलेनात. साहेबांचं धोतर अंगावरच वाळत आलं, पण नजर दाण्यावरून ढळली नाही. शेवटी उजवा पडला.

दाणे लावणारा मी, पाडणारी ती. यावर कुणी मला काही विचारू नये.

दुसऱ्या दिवसापासून गुरं ओढ्याकाठच्या जांभळींखाली बसायला लागली. भाऊ म्हणाला, "आईनं सांगितलं म्हणून. सायबाचं कोन ऐकतोय!" साहेब एवढंच म्हणाले, "माझं ऐकू नका. पण बसू नका." आणि रिकाम्या पिंजऱ्यांची चळत टपावर चढवून एसटीनं गेले.

तो ताप गोचिडीचा की कशाचा, ते त्यांनी ठाम कधी सांगितलं नाही. रायीतल्या उंदरांच्या अंगावर काय होतं तेही त्यांना कळलं नाही. भाऊ पुढं पुष्कळ वर्षं गुरं राखत राहिला आणि मला उलट बोलत राहिला.

देवीपुढच्या तांदळावर अजून उंदीर येतात. मी काठी उचलतो. खाच पाडलेला उंदीर इतकी वर्षं जगत नाही, हे मलाही कळतं. तरी आधी कान बघतो. आणि तेवढ्यात तो निघून जातो.