गळ्यावरची दोन बोटं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

रिसोडच्या बाहेर भाजीच्या मळ्यात एक माणूस गावी जाणाऱ्यांची कुत्री सांभाळायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. नवं कुत्रं आलं की तो दोन बोटांनी त्याचा गळा हळूच दाबून बघायचा. खोकला आलाच, तर त्याला लांब कांद्याच्या चाळीत बांधायचा. त्याचं भांडं वेगळं, आणि हात धुतल्याशिवाय तो दुसऱ्या कुत्र्याजवळ जायचा नाही. "एक खोकललं का सारेच खोकलतात," म्हणायचा.

आमचा मोत्या दोन दिवस खोकत होता आणि मला नातीच्या लग्नाला जायचं होतं. मळ्यात नेल्यावर तो माणूस मोत्याच्या गळ्याकडे हात नेऊ लागला तसा मी म्हणालो, "ठणठणीत आहे."

त्याने हात मागे घेतला. "गुरुजी, तुमी सांगतलं म्हंजे झालं. तुमचं कुत्रं कायले तपासू?" मोत्याला त्याने सरळ बाकीच्यांत सोडलं.

मी परतलो तेव्हा सगळी कुत्री ढासत होती. त्याची स्वतःची म्हातारी काळी कुत्री त्याच खोकल्याने गेली होती. भांडी उकळत्या पाण्यात बुडवत तो म्हणाला, "मायंच चुकलं, गुरुजी. एखांद्या वक्ती हात धुवाचा राह्यला असंन."

"होतं असं," मी म्हणालो.

पुढे दोनदा मुद्दाम गेलो. दोन्ही वेळा त्याने कोथिंबिरीची जुडी हातात दिली आणि मी ती घेऊन परत आलो. आता त्या मळ्यात दुसरंच कुटुंब राहतं. हात धुवायचा राहिला नव्हता, खोटं मी बोललो होतो, एवढंच त्याला सांगायचं होतं.