गल्लीनं केलेलं बाळंतपण

माझं तोंड फाटकं आहे, हे चौसाळ्यात कुणालाही विचारा. पण विहीणबाईंपुढं मी आजवर जपूनच बोलत आले, कारण तिथं लेक दिलेली. त्या दिवशी फोनवर त्या म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण इकडंच करू. पोरीला दमा, आन तुमच्या गल्लीत लई धूर. दिवाळीला काय झालतं, ठाऊक हाय न्हवं?" माझं डोकंच फिरलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय आज निघालेली रीत आहे? आणि गेवराईत त्यांचं घर हायवेला चिकटून, तिथं काय अत्तर उडतं? हे सगळं मी फोन ठेवल्यावर नवऱ्याला ऐकवलं. तो बिचारा शेंगा फोडत होता, तो फोडतच राहिला.

दिवाळीचं मात्र खोटं नव्हतं. लेक भाऊबीजेला आली, दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला धाप लागली. पंप ओढून ओढून थकली, शेवटी जीपमध्ये घालून बीडला न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, धूर टाळा. टाळा म्हणे! आमच्या गल्लीचा दिवसच धुरानं उजाडतो. बाया अंगण झाडतात आणि पाला, पुड्या, कॅरीबॅगा सगळं दारातच गोळा करून काडी लावतात. आंघोळीच्या पाण्याच्या बंबाला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळली झाडं. आणि ती पेटेना झाली की वर जुन्या चपलेचा तुकडा. संध्याकाळी शेजारीण म्हशींना डास चावू नयेत म्हणून ओल्या कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करते. तो सरळ आमच्या खिडकीत.

विहीणबाईंच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. सासूच्या चोरून न्हाणीतून बोलत होती. "आई, मला तुज्याकडंच यायचंय गं. काय बी कर." आणि रडायलाच लागली. पोटच्या पोरीला 'ये' म्हणता येईना, यापरीस वाईट काय असतं?

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली, म्हणजे भांडून. सकाळी दारोदार फिरले. "अगं ए, काय जाळायलीस हे? नाक हाय का भोक?" कुणी ऐकलं? एकजण म्हणाली, "तुज्या लेकीसाठी आमी गार पाण्यानं आंगुळ करावी व्हय?" शेजारीण तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डास चावले की म्हशी दूध चोरत्यात. दूध काय तुजी लेक देनार हाय का?" मी तिला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमचं बोलणं तुटलं, आणि धूर होता तसाच राहिला. मला तर वाटतं, मुद्दाम थोडा वाढलाच.

संक्रांतीला माझ्याकडं हळदीकुंकू होतं. मी मनात बेत केलेला, की वाण हातात पडल्याशिवाय कुणी उठत नाही, तेव्हा सगळ्यांना एकदमच झाडायचं. बाया आल्या. शेजारीणही आली, भांडण भांडणाच्या जागी, हळदीकुंकवाला नाही कसं म्हणणार? मी तिळगूळ वाटायला घेतला, झाडायला तोंड उघडलं, तर एवढंच निघालं, "माझी लेक बाळंतपणाला येणार न्हाई. धुरापायी." आणि सगळ्यांदेखत मी रडले.

शेजारीणच पहिली बोलली. "कावून येनार न्हाई? लेक काय तुजी एकटीची हाय का गं? माज्या गोठ्यात रेडकांसंगं खेळून वाढली ती. पोटुशी लेक माहेराला मुकली, तर तोंड कुनाचं काळं हुईल? सगळ्या गल्लीचंच की!" कुणीतरी "खरंय बाई" म्हणालं, मग दुसरी म्हणाली. इतके दिवस मी डॉक्टरचं नाव घेऊन घसा कोरडा केला होता. लेक गल्लीची आहे, हे मलाच सुचलं नव्हतं.

आता एका दिवसात सगळं गोकुळ झालं असं सांगितलं तर मी खोटारडी ठरेन. घंटागाडी मनात आलं तर यायची. बाया पंचायतीत जाऊन मांडी घालून बसल्या, तेव्हा गाडी रोज यायला लागली. कॅरीबॅगा पोत्यात भरून गाडीत, पाला खड्ड्यात. बंबात वाळलं बाभळीचं लाकूड चालेल, चप्पल नाही. एकदोघींनी चोरून काडी लावली, त्यांच्या दारात मी गेलतेच. गल्लीमागच्या रानात दरसाल पऱ्हाटी पेटवायचे. यंदा माझा नवरा, जो चारचौघांत कधी बोलत नाही, पारावर उठून म्हणाला, "जाळायची न्हाई. ट्रॅक्टरवर यंत्र आणून बारीक करू, मातीत जाईल." ऐकून मलाच धक्का बसला. आणि शेजारणीनं काय करावं? डास आत येऊ नयेत म्हणून नायलॉनच्या जुन्या साड्या जोडून गोठ्याला चारी बाजूंनी पडदे शिवले. म्हशी नव्या नवरीसारख्या पदराआड! वरच्या आळीतली माणसं बघायला यायची. शेजारीण म्हणायची, "बघा की, फुकट हाय."

विहीणबाई स्वतः पाहणीला आल्या. सकाळी सकाळी गल्लीत उभं राहून त्यांनी दोन्हीकडं नाक फिरवलं आणि म्हणाल्या, "बरं हाय." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे लई झालं. आठव्या महिन्यात लेक घरी आली. बीडला मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या.

घरी आणल्याबरोबर मी काय केलं? उन्हाळा लागलेला, तरी दार-खिडकी लावली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. माझ्या आईनं मला असाच शेक दिलेला. शेजारीण दूध घेऊन आली, तिनं दार ढकललं आणि किंचाळलीच.

"अगं बये! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपन कोरडे पाषाण!"

"बाळंतिणीला शेक लागतो," मी म्हणाले, "रीत हाय ती."

"आन माज्या म्हशींची रीत मोडलीस तवा? म्हशी राहिल्या धुराबिगर, तुजी नात न्हाई व्हय राहनार?" तिनं पदरात धरून शेगडी उचलली ती थेट अंगणात. "शेकायला गरम पान्याची पिशवी घे!"

लेक खोकत होती आणि खोकता खोकता हसत होती. मी गुमान खिडकी उघडली.

दुपारी डोकावले, तर लेक झोपलेली. लग्नाआधी या घरात ती दम्यानं कायम उश्यांना टेकून, अर्धी बसूनच झोपायची. आज बाजेवर उताणी पडलेली, तोंड मिटलेलं, शेजारी पोर. मी उंबऱ्यात बसले आणि मला रडू फुटलं.

शेजारीण अंगणातून म्हणाली, "आता कावून रडायलीस?"

"आडवी झोपली गं," मी म्हणाले, "माझी लेक आडवी झोपली."