वणीपर्यंतच्या जुड्या

मंडळी, पाय अजून ठणकतायत, पण हे आजच सांगायचंय.

आमच्या कॉलेजची मुलं आज सकाळी नाशिकहून वणीला सायकलवर गेली, एका वसतिगृहाच्या मदतीसाठी; सोबत मीही, त्यांची शिक्षिका. प्रत्येकाच्या घरच्यांनी किलोमीटरमागे काही ना काही कबूल केलं होतं. गौरीचे आजोबा भाजी पिकवतात. त्यांनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला दर किलोमीटरमागे मेथीची एक जुडी कबूल केली.

वणी चार किलोमीटरवर असताना गौरीच्या सायकलचा टायर फाटला. मी म्हटलं, "मागच्या टेम्पोत बस."

बाईसाहेब ढिम्म! "मॅडम, चार जुड्या कमी होतील." आणि सायकल ढकलत निघाली.

वैतागून मी आजोबांनाच फोन लावला. ते हसले. "लय हट्टी हाय ती. बसवा टेम्पोत. जुड्या मी पहाटेच बांधून ठेवल्यात सगळ्या, पार वणीपर्यंतच्या."

मी गौरीला तसं सांगितलं. ती हँडल घट्ट धरून म्हणाली, "मग तर चालतच जायला हवं."

गेलो दोघी चालत.

तुम्ही पोचणारच असं धरून पहाटेच जुड्या बांधून ठेवणारं तुमच्या घरी कोण आहे हो?