उजेड मावण्यापुरती जागा

कॅमेऱ्याच्या दुकानदाराने बिलाच्या पाठीवर माझ्यासाठी तीन चौकोन काढले. उजेड टिपणारा सेन्सर केवढा असतो, ते दाखवायला. सर्वांत लहान करंगळीच्या नखाएवढा, मधला जरा मोठा आणि शेवटचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. “मोठ्यात उजेड जास्त मावतो,” तो म्हणाला, “पण वजनही वाढतं. फोटो कुठे काढायचेत, त्यावर ठरवा.”

कुठे? घरातच, पलंगापासून चार पावलांवर. आजारपणामुळे आईला उजेड सोसत नाही, म्हणून पडदे दिवसभर ओढलेले असतात आणि त्या अंधारात मोबाइलवर तिचा चेहरा रवाळ, पुसट येतो. मला तो नीट हवा आहे, हनुवटीवरच्या गोंदणासकट. तीन आठवडे मी कॅमेऱ्यांचे तक्ते ताडून पाहतोय आणि तेवढ्यात तिचे गाल आणखी आत गेलेत. तिकिटाएवढ्या जागेत उजेड मावतो, पण माणूस किती मावतं, ते कुठल्याच तक्त्यात दिलेलं नाही.

आज सकाळी मोबाइल समोर धरला, तर तिने पदर तोंडावर घेतला. “आत्ता नको रे, बरी झाले की काढ.”

“घाई नसेल तर थांबा,” दुकानदार सांगत होता, “दोन महिन्यांत नवीन मॉडेल येतंय.”

मी त्या तीन चौकोनांवर हात ठेवला. “यातला कोणताही द्या,” म्हटलं, “पण आत्ता द्या.”