वरच्या कॉम्प्युटरमधला आवाज

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मुलाला नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या जुन्या सोबत्यांनाही नाही. सांगायचं म्हणून किती वेळा तोंड उघडलं, आणि मग सोयाबीनला शेंगा कशा धरल्या, तुरीवर अळी आहे का, असलं काहीतरी बोलून मोकळा झालो. तुम्ही अनोळखी आहात, तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तेही सोपं नाही.

मी लाईनमन होतो. अर्धी नोकरी मेडशीच्या बाजूला खांबांवर गेली, मग अनसिंगला घर बांधलं. विजेच्या बाबतीत लोक माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत. ही तार बंद आहे असं मी म्हटलं की दुसरा माणूस बिनघोर हात लावायचा. हे आधी सांगून ठेवतो. कारण पुढे मी जे केलं ते याच विश्वासावर उभं राहून केलं.

माझी बायको कमल गात असे. हे मला ती गेल्यावर कळलं — हसू नका. निंदणाला जाणाऱ्या बायांना ठाऊक होतं, शेजाऱ्यांना ठाऊक होतं. मी घरात पाय ठेवला की घर गप्प असायचं. मला वाटायचं, बाईचा स्वभावच मुका आहे.

तिच्या आजारपणात आमची सून वैशाली तिच्या खाटेशी बसून भाजी निवडायची आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून तिला बोलतं करायची. कमल गायची, खोकायची, जुन्या गोष्टी सांगायची. मोबाईल भरला की वैशाली ते सगळं वरच्या मजल्यावरच्या तिच्या कॉम्प्युटरमध्ये टाकून मोबाईल रिकामा करायची. तिथे त्या फोल्डरला तिनं नाव दिलं होतं — 'आत्याबाई'. आमच्याकडे सून सासूला आत्याबाई म्हणते आणि सासऱ्याला मामाजी.

कमल गेली. गुडघ्यांमुळे मला जिना चढवेना. खालच्या खोलीत माझ्यासाठी एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर मी बातम्या बघत असे. एक दिवस वैशाली खाली येऊन बसली आणि तिनं घरच्या वायफायवर दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडले. वरचा फोल्डर खाली माझ्या पडद्यावर दिसायला लागला.

"मामाजी, आता जिना चढू नोका," ती म्हणाली. "आत्याबाईच खाली येतीन तुमच्यापाशी."

उघडायची, ऐकायची, हलवायची, पुसायची — सगळी मुभा तिनं मला देऊन ठेवली होती. घरच्या माणसावर कसली बंधनं घालायची?

सगळे बाहेर गेल्यावर मी फोल्डर उघडला. फायलींना नुसते आकडे होते. मधलीच एक लावली. आधी पंख्याचा आवाज. मग वैशाली विचारते, "आत्याबाई, मामाजीले कधी गाणं आयकवलं का नाई तुमी?"

आणि कमल हसली. किती दिवसांनी ऐकलं मी ते हसणं!

"आयकवलं ना व. नवी होती तवा. चुलीपाशी गाणं म्हनून राह्यली होती. थे म्हनले, बंद कर, डोकं दुखते माह्यं. मंग म्या त्यायच्या देखत कधी तोंडच उघडलं नाई."

"येवढ्याशा गोष्टीनं?"

"येवढीशी कायची, बाई? पुरा जलम गेला."

मला ते आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी तसं म्हटलं असेन का? असेनच. कमल खोटं बोलणारी नव्हती.

त्या वेळी मला काय वाटायला हवं होतं? रडू यायला हवं होतं. मला आला राग. हे वैशालीनं ऐकलंय, माझा मुलगा नितीन ऐकेल, उद्या नातवंडं ऐकतील — आजोबा कसा माणूस होता. ते बोलणं अजून कुठल्या फायलीत असेल, कुणास ठाऊक. मी सगळ्याच निवडल्या आणि पुसून टाकल्या. मला वाटलं, ही माझी प्रत आहे. खालच्या कॉम्प्युटरमधलं गेलं, वरचं वर राहील. मला निदान रोज समोर दिसायला नको.

एका तारेवरच्या दोन घरांपैकी एकाचा फ्यूज काढला तर दुसऱ्याचा दिवा जळत राहतो. मी तेवढंच शिकलो होतो. इथे तर घर एकच होतं, मी फक्त खिडकीतून आत हात घातला होता.

दुसऱ्या दिवशी वरून वैशालीची हाक आली, "अवो, आत्याबाईचं काहीच दिसून नाई राह्यलं!" नितीन धावत वर गेला. कचरापेटीत बघितलं, तिथेही काही नाही. खालून पुसलेलं वरच्या कचरापेटीत पडतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. पण काय झालं असेल ते मात्र मला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं होतं.

मी म्हणालो, "विजेचा दाब कमी-जास्त झाला असेल. झटक्यानं डिस्कचा तेवढा भाग जळला असेल."

लाईनमनचं बोलणं. कोण शंका घेणार?

नितीननं वरचा बोर्ड बघितला. कॉम्प्युटरच्या शेजारच्याच प्लगमध्ये इस्त्री लावलेली होती. त्यानं जिन्यावरून मला विचारलं, "बाबा, इस्त्रीनं होऊ शकते का असं?"

आता मी तिथे आलो, जिथे यायचं मी टाळत होतो. मला ठाऊक होतं, इस्त्रीनं असं होत नाही. वैशाली त्याच्या मागे उभी होती, हातात घडी न घातलेला शर्ट. मी दोघांकडे बघितलं आणि म्हणालो —

"होऊ शकते."

मग नितीन तिला बोलला. "किती खेपा सांगतलं तुले, त्या बोर्डावर इस्त्री लावत नोको जाऊ! माह्या मायचा आवाज होता तो!" तिनं जाऊन इस्त्रीचा प्लग काढला. त्यानं मशीन वाशिमला नेलं, डिस्क जळली म्हणून सांगितलं. दुकानदारानं नवी बसवून दिली, जुनी भंगारात गेली. पुढे कधीतरी मी त्याच दुकानात जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, चुकून पुसलेलं परत मिळतं का? तो म्हणाला, "लगेच आणलं तर बहुतेक मिळते, काका." म्हणजे पुसल्यानं कमलचा आवाज पुरता गेला नव्हता. तो माझ्या त्या बोलण्यानं गेला.

तिची गाणी मी ऐकलीच नाहीत. एकही नाही. फक्त हसणं ऐकलं, आणि ते बोलणं. नव्या डिस्कवर वैशालीनं 'आत्याबाई' नावाचा फोल्डर पुन्हा करून ठेवलाय. आता दुपारी घरात कुणी नसलं की तो रिकामा फोल्डर उघडून बसतो. काय म्हणत असेल ती? निंदणाची गाणी असतील, जात्यावरची असतील. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "कमलचं गाणं? मले नाई येत बाप्पा तिच्यावानी."

आणि वैशाली — नितीन तिला बोलला त्याच संध्याकाळी ती खाली आली होती. माझ्या पाया पडली. "मामाजी, माह्याच्यानं गेल्या आत्याबाई. मले माफ करा." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे, पोरी." मी तिला माफ केलं. मी!

तेव्हापासून ती इस्त्री करायला बाहेरच्या पडवीत बसते, उन्हाळ्यातही. ढग गडगडले की घरभर फिरून एकेक प्लग काढते. काल लाईट फडफडली, तशी वरून ओरडली, "मामाजी, मशीन बंद करा बरं आधी!" मी बंद केलं. जिन्याच्या पायथ्याशी गेलो, कठड्याला धरलं, हाक मारली, "वैशाली!"

"काय म्हनता, मामाजी?" ती वरून वाकून बघत होती.

"काई नाई. चहा ठेव."

तिला सांगायचं होतं ते एवढंच — पोरी, इस्त्रीनं काही झालं नव्हतं.