गाडीची टोपी आणि माझा अंगठा

तो अंगठा माझा होता. नागपूरच्या एका मोटार एजन्सीच्या फायलीत, छापील फॉर्मच्या तळाशी, 'चालकाची सही अथवा निशाणी' या ओळीवर जो निळा अंगठा उठलेला आहे, तो आमच्या ड्रायव्हरचा नाही. मी बी.ए. झालेला माणूस. मला दोन भाषांत सही करता येते. तरी मी डाव्या हाताचा अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि लिहितावाचता येणाऱ्या एका माणसाला कागदावर अंगठेबहाद्दर करून टाकलं.

हे लिहू नको, असं घरात सगळे म्हणतात. दादा, माझे थोरले भाऊ, म्हणतात, "झालं गेलं गंगेला मिळालं." गंगेला काही मिळालेलं नाही. ते नागपूरला फायलीत आहे. ड्रायव्हरना मी विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लिहा. पन माह्यं नाव टाकू नका. तुमच्या माफीवर मी अजून सही केली नाई." म्हणून या लिखाणात कुणाचंच नाव नाही.

आमचं मलकापूरला कापसाचं जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. राज्य नवं होतं आणि मी तिशी ओलांडली होती. त्या सुमारास एक विलायती साहेब कायमचा मायदेशी चालला होता. त्याची गाडी दादांनी घेतली. लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी, शर्यतीच्या घाटाची. तिच्या छताचा मधला भाग चार कड्या सोडल्या की अखंड उचलून बाजूला काढता यायचा. तो पत्र्याचा नव्हता, फायबरचा होता. वजनाला हलका, पण ठिसूळ. गाव त्याला टोपीच म्हणायचं. आम्ही छत काढून बाजारातून निघालो की पानाच्या ठेल्यावरून कुणीतरी हमखास ओरडायचं, "गाडीनं टोपी काढली, आता मालक, तुमीबी काढा!"

आणखी एक कबूल करतो. ती गाडी मला चालवता येत नव्हती. दोन जागांपैकी एक ड्रायव्हरची आणि दुसरी मिरवणाऱ्याची. मिरवणारा मी.

ड्रायव्हर वरवट बकाल गावचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पलटणीत ट्रक चालवून आलेले. ते बौद्ध झाले होते, पण आमच्या वाड्यावर त्यांच्या मागे त्यांना जुन्याच जातीच्या नावानं बोलत. आज मी त्यांना 'ते' लिहितो. तेव्हा 'तो' म्हणायचो, आणि तोंडावर 'अबे'.

माघ महिना होता. खामगावकडे एका लग्नाला जायचं होतं आणि मला उघड्या गाडीतून जायचं होतं. जिनिंगच्या आवारात आम्ही कड्या सोडल्या, टोपी उचलली. ड्रायव्हर म्हणाले, "आपिसात भिताडाले टेकवून ठेवतो."

"कायले? त्या गंजीवर ठेवू. कापसापेक्षा नरम जागा कुठं भेटन?"

"कापूस नरम हाय, मालक. त्याच्यावरचे पाय नरम नाईत."

मी हसलो. टोपी स्वतःच्या हातानं कापसाच्या गंजीवर, आवारातल्या त्या ढिगावर, ठेवली आणि गाडीत जाऊन बसलो.

जिनिंग पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. दिवसभर गाड्या येतात, कापूस गंजीवर पडतो आणि जास्त मावावा म्हणून गडी वर चढून तो तुडवतात. आम्ही परतलो तेव्हा गंजी दुप्पट उंच झाली होती. चार माणसांनी उकरून टोपी काढली. ती आडवी तडकली होती, पापडासारखी.

दादा पायरीवर उभे होते. "तिथं कोनं ठेवली?"

ड्रायव्हर तेव्हा गाडी धुवायला हौदावर गेले होते. मी म्हणालो, "ड्रायव्हरनं."

एवढंच. एक शब्द. मला कुणी मारणार नव्हतं, घराबाहेर काढणार नव्हतं. फार तर दादांनी सगळ्यांसमोर 'अक्कल आहे का' म्हटलं असतं. तेवढं टाळण्यासाठी मी तो शब्द बोललो.

चार दिवसांनी फुटकी टोपी गोणपाटात गुंडाळून, गाडीच्या मागे बांधून आम्ही नागपूरला निघालो. पहाटे निघून उन्हं उतरताना पोचलो. दिवसभर डोक्यावर छत नाही. आमच्या भुवयांवर धुळीचा थर बसला होता. एजन्सीतली फरशी इतकी स्वच्छ की तिच्यावर चप्पल घालून जायलाही मला संकोच वाटला. मॅनेजर टायवाले, बोलायला गोड. म्हणाले, मुंबईच्या गोदामात असं एक पॅनेल शिल्लक आहे. पण माल परवान्यावर आयात केलेला, म्हणून जुना भाग जमा करावा लागेल आणि तो कसा निकामी झाला हे लिहून द्यावं लागेल, गाडी चालवणाऱ्याच्या सहीनिशी. फॉर्मवर 'मुंबई राज्य' छापलेलं होतं. ते खोडून वर हातानं 'महाराष्ट्र' लिहिलं होतं.

मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं: 'चालकाने निष्काळजीपणे भाग उघड्यावर ठेवल्यामुळे तुटला.'

ड्रायव्हरना आत बोलावलं. त्यांनी फॉर्म हातात घेऊन ओठ हलवत सगळा वाचला. मग टेबलावर ठेवला.

"हे मी केलं नाई. सही नाई करत."

"अबे, नुसता कागद हाय. कोन पाहाते?" मी म्हणालो.

"कागद हाय म्हनूनच नाई करत. तोंडानं मले काय म्हनाचं ते म्हना. हे नाव लिहाले मी पलटनीत दोन वर्सं घातले. ते खोट्याखाली नाई घालत."

"मंग टोपी भेटनार नाई."

"नाई तर नाई. डोक्शावर ऊन घेत घरी जाऊ."

ते बाहेर गेले आणि फडक्यानं काच पुसत बसले. मॅनेजरनी आमचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकलं असावं. फोन घ्यायला उठता उठता ते म्हणाले, "सही येत नसेल तर अंगठा चालेल." त्यांना ते किती सहज वाटलं! धुळीनं माखलेला, वऱ्हाडी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे अंगठाच असणार. तेच मी वापरलं. ते फोनवर होते, शाईची गादी समोर होती. मी अंगठा उठवला आणि मिशीवर बोट फिरवावं तसा सहज धोतराच्या सोग्याला पुसला. तो डाग पुढे कधी गेला नाही.

परत आल्यावर आठवड्याभरात दादांनी ड्रायव्हरना कामावरून काढलं. मी तिथंच बसलो होतो, गप्प. ते ट्रकवाल्यांकडे काम मागत फिरले. मलकापुरात महामार्ग, रेल्वे, ट्रकांना तोटा नाही. पण जिथं जातील तिथं एकच, "तुमीच ना ते, टोपी तुडवून घेनारे? आमची ताडपत्री कोन्या गंजीवर ठेवसान?" आणि हशा. एकदा ठेल्यावर हे माझ्यासमोर कुणी सांगितलं आणि मीही हसलो. माझ्या सगळ्या चुकांत हे हसणं मला सर्वांत घाण वाटतं.

दीड महिन्यानं एजन्सीचं पत्र आलं: पॅनेल आलं, गाडी घेऊन या. गाडी नेणार कोण? नवा ड्रायव्हर बसचा, त्याला ती बुटकी गाडी धड वळवता येईना. मी वरवट बकालला त्यांच्या दारात गेलो. त्यांनी बसायला खाट दिली, पाणी दिलं. मी काम सांगितलं.

माझ्या हातातला रिकामा तांब्या घेत ते म्हणाले, "माह्या सहीबगर टोपी कशी काय आली?"

मी म्हणालो, "आली."

"नेतो मी गाडी. एका बोलीवर. तो कागद मले वाचाले भेटला पायजे."

मी हो म्हणालो. का, ते आजही सांगता येत नाही. कदाचित फाइल सापडणार नाही, अशी आशा असावी. दुसऱ्या दिवशी नागपूरपर्यंत त्यांनी गाडी अशी चालवली की पाण्याचा तांब्या मांडीवर ठेवला असता तरी हिंदकळला नसता.

एजन्सीतल्या मिस्त्रीनं नवी टोपी बसवली. कडेनं नवं रबर, मग चार कड्या, खट, खट, खट, खट. पाणी झिरपतं का बघायला मला आत बसवून वरून बादल्या ओतल्या. एक थेंब आत आला नाही. मी कोरडा ठणठणीत बसलो होतो, आणि ओघळणाऱ्या काचेतून मला दिसलं, ऑफिसात ड्रायव्हर खिडकीजवळ उभे आहेत, हातात फाइल आहे, आणि तो कागद त्यांनी उजेडाकडे धरला आहे.

मी आत गेलो तेव्हा ते मॅनेजरना आपला डावा अंगठा दाखवत होते. त्यावर जॅकच्या दांड्यानं पडलेली जुनी चीर होती, आरपार. "कागदावरच्याले चीर नाई, साहेब. मंग हा कोनाचा?"

मॅनेजर म्हणाले, "जाऊ द्या हो, काम झालं ना?"

"कोनाचं?" ड्रायव्हर म्हणाले.

मी म्हणालो, "अंगठा माझा आहे." आणि घाईघाईनं पुढे, "चुकलं. माफ करा." फॉर्मखाली तसं लिहून सही करायलाही मी तयार झालो. मॅनेजर म्हणाले, त्या कागदाला आता हात लावता येणार नाही, त्याची नक्कल पुढे मुंबईला गेली आहे. फाइल बंद झाली.

ड्रायव्हर बाहेर आले. मला वाटलं होतं, मन मोठं करून काहीतरी बोलतील. ते गाडीचं दार धरून म्हणाले, "इथं नागपुरात मले कोन वयखते? त्या टायवाल्यासमोर माफी मागून माह्यं काय भलं झालं? माह्यं नाव मलकापुरात गेलं. जिथं गेलं तिथंच आना."

"दादा आहेत तिथं. गडी आहेत. घराची…"

"तुमच्या घराले इज्जत हाय, अन् माह्या घराले काय टीनपत्रे हायेत फक्त?"

मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतलो. सगळ्या वाटेवर डोक्यावर नवी टोपी होती आणि मला आत गुदमरत होतं. बाळापूरच्या पुढे मी मनाशी ठरवलं की गुपचूप त्यांना एखाद्या ट्रकवर लावून द्यावं, म्हणजे झालं. नांदुऱ्याला ते मोडून काढलं. हे असंच मी आयुष्यभर करत आलो होतो, आडून.

जिनिंगमध्ये हंगामाचे शेवटचे कापूसगाडे वजनकाट्यावर लागले होते. गडी गंजीवर होते, दादा पायरीवर. ड्रायव्हरनी गाडी बरोबर काट्यासमोर उभी केली आणि इंजिन बंद केलं. उतरले, पण बाजूला झाले नाहीत.

मी गंजीवरच्या गड्यांना हाक मारली, "जरा थांबा, खाली पाहा!" तुडवणारे पाय थांबले. दादांना काहीतरी कळलं असावं. ते दबक्या आवाजात म्हणाले, "आत ये. जे बोलाचं ते आत बोल."

"नाही दादा. इथंच बोलणार."

"नोकराची माफी मागशीन? लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हणायचं ते म्हणून बसलेत. माझ्यामुळे. आता माझ्या तोंडून ऐकू द्या."

मग मी ड्रायव्हरांकडे वळलो. माझा आवाज काट्यापलीकडच्या गाडीवानांपर्यंत गेला, हे त्या गाडीवानांनीच मला नंतर सांगितलं.

"टोपी मी ठेवली होती त्या गंजीवर. माझ्या हातानं. तुम्ही नको म्हणाले होते. दादांना मी खोटं सांगितलं, तुमचं काम गेलं तेव्हा गप्प बसलो, ठेल्यावर हसलो. आणि नागपूरच्या कागदावर तुमच्या नावानं अंगठा उठवला, तुम्हाला सही येत असताना. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."